कुणाच्या घड्याळातली जिफी?

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ठिकाणांहून आला. गल्लीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आमच्या बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या सोबत्यांकडून, आणि शेवटी खानापूरच्या मेहुण्यानं पाठवला, वर "भावोजी, तुमच्या लायनीतलं आहे बघा" अशी टीप जोडून. मजकूर थोडक्यात असा: इंग्रज लोक "इन अ जिफी" म्हणतात ते उगाच नव्हे. जिफी हे वेळेचं खरं माप आहे, बरोबर एक शतांश सेकंद, आणि ते शास्त्रज्ञांनी ठरवलंय. "मोमेंट" म्हणजेही बरोबर ९० सेकंद. जिफीचं मूळ आपल्या संस्कृत "क्षिप्र"मध्ये. आणि आपण मात्र "आलोच" म्हणून अर्धा तास लावतो, कारण आपल्या भाषेत बारीक वेळेला मोजमापच नाही. खाली जोडलेले हात, आणि दहा जणांना पाठवण्याची विनंती.

शब्द मूळचा आपला आणि आपल्याकडेच मोजमाप नाही, हे एकाच मेसेजात कसं बसतं ते लिहिणाऱ्याला विचारायला हवं. पण तीस वर्षं मोटारींचं रिवाइंडिंग केलेल्या माणसाला "लायनीतलं" म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

"जिफी म्हणजे बरोबर एक शतांश सेकंद"

यातला "बरोबर" तेवढा चुकीचा. जिफी नावाची मापं आहेत, पण पाच-सहा आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

विजेच्या कामात जिफी म्हणजे एसी सप्लायचा, म्हणजे सारखी दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचा, एक पूर्ण सायकल. आपल्याकडे सेकंदाला ५० सायकल, म्हणजे जिफी झाली एक पन्नासांश सेकंद. अमेरिकेत ६० सायकल, तिथं एक साठांश. एक शतांश भरतो तो आपल्या अर्ध्या सायकलला. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली लेथ चालवलेल्या माणसानं तो अर्धा सायकल डोळ्यांनी बघितलेला असतो: ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते, चकचा (काम पकडून फिरणाऱ्या भागाचा) वेग त्याच्याशी जुळला की गरगर फिरणारा चक थांबल्यासारखा दिसतो, आणि नवखा पोरगा खुशाल हात पुढं करतो. म्हणून लेथच्या डोक्यावर साधा पिवळा बल्ब लावायची पद्धत होती. त्याला कुणी जिफी म्हणत नव्हतं, ते सोडा. आम्ही "सायकल" एवढंच म्हणायचो.

आता सीमाभागातली गंमत. कर्नाटक दक्षिणेच्या ग्रिडवर, म्हणजे विजेच्या जाळ्यावर, आणि महाराष्ट्र पश्चिमेच्या. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका तालात जोडलं गेलं. त्याआधी वीज इकडून तिकडं जायची, पण मध्ये एसीचं डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज करून, मग परत एसी करून. दोन्हीकडे सायकल पन्नासच्या आसपासच, पण एकाच्या तालावर दुसरं नाही. म्हणजे तेव्हा उद्यमबागेतली मोटार आणि हद्दीपलीकडच्या शिनोळीतली मोटार, दोन्हींच्या पाटीवर १४४० आरपीएम, आणि तरी दोघींची जिफी वेगळी होती! ग्रिड ४९ सायकलवर घसरलं की चार पोलच्या मोटारीतल्या चुंबकीय क्षेत्राचं मिनिटाला १५०० फेऱ्यांचं चक्र (मोटार त्याच्या जरा मागं राहते, म्हणून पाटीवर १४४०) १४७० वर येतं. मोटार आणि जिफी दोन्ही ग्रिडच्या मर्जीवर. सीमाप्रश्नाच्या फायलीत हा मुद्दा कुणी घातला नाही, एवढंच.

कॉम्प्युटरवाल्यांची जिफी आणखी निराळी. आत एक टाइमर ठरावीक वेळानं टिकटिक करतो, त्या एका टिकेला ते जिफी म्हणतात. लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीत पूर्वी सेकंदाला १०० टिका होत्या, पुढं १००० केल्या, मग २५० वर आणल्या. हलत्या चित्रांच्या जिफ फाइलीतही एका चित्रावर किती थांबायचं ते शतांश सेकंदात लिहितात. मेसेजमधला आकडा बहुधा या कॉम्प्युटरच्या बाजूनंच आलाय.

आणि गिल्बर्ट न्यूटन लुइस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं सुचवलेली जिफी बघा. प्रकाशाला निर्वात पोकळीत एक सेंटिमीटर जायला लागणारा वेळ, म्हणजे सुमारे ३३.३६ पिकोसेकंद (सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले की एक तुकडा म्हणजे पिकोसेकंद). मेसेजमधल्या जिफीत प्रकाश जवळजवळ ३००० किलोमीटर जातो. काश्मीरहून निघाला तर कन्याकुमारी गाठतो. लुइसच्या जिफीत तो नखाएवढं अंतर कापतो. दोन्हींत ३० कोटी पटीचा फरक, नाव एकच. अणूच्या आतलं बघणाऱ्यांची जिफी त्याहूनही कितीतरी लहान, अणुकेंद्रातल्या एका कणाएवढं अंतर प्रकाशानं कापायचा वेळ. ती पोस्टात घालून पाठवण्यासारखी नाही.

"शास्त्रज्ञांनी ठरवलं"

लुइसचा जन्म १८७५ चा. जिफी हा शब्द इंग्रजीत १७८० च्या दशकापासून लिहिलेला सापडतो. १८११ साली लंडनच्या हलक्यासलक्या बोलीचा एक कोश निघाला, त्यात तो "जेफी" असा येतो आणि अर्थ दिलाय: थोड्या वेळात, झटक्यात. आकडा नाही. चोर, दारूवाले, घोडेवाले यांच्या तोंडचा शब्द, शंभरेक वर्षांनी प्रयोगशाळेत शिरला, तोही थट्टेनं. शास्त्रज्ञांनी पोराचं बारसं केलं नाही. वाढलेलं पोर दत्तक घेतलं, आणि पाच घरांनी घेतलं.

"मूळ संस्कृत क्षिप्र"

नाही. आपल्याकडून इंग्रजीत गेलेले शब्द मागं पाऊलखुणा ठेवून गेलेत. "जंगल" गेला, "लूट" गेला. कंपनीच्या माणसांच्या पत्रांतून, वह्यांतून ते हळूहळू तिकडं कसे सरकले ते दाखवता येतं. जिफीच्या मागं असं काहीच नाही. तो लंडनच्या रस्त्यावर एकदम उगवतो. चोरांच्या भाषेत त्याचा अर्थ "वीज" होता असा एक तर्क आहे, पण त्यालाही पुरावा नाही, म्हणून चांगले कोश "मूळ अज्ञात" लिहून मोकळे होतात. "क्ष"चा "ज" आणि "प्र"चा "फी" करायला व्याकरण लागत नाही, अभिमान पुरतो.

"मोमेंट म्हणजे बरोबर ९० सेकंद"

यात मात्र तथ्य आहे, म्हणून जरा सावकाश.

लॅटिन "मोमेंटम" हा हलणे या धातूपासून आलेला शब्द. हालचाल, आणि तराजूचं पारडं झुकवायला पुरेल एवढा कण, असे दोन्ही अर्थ त्याला होते. सराफाच्या काट्यावर शेवटची गुंज पडते आणि काटा हलतो, तेवढा तो मोमेंट. मोटारीच्या पुस्तकात बलाच्या फिरवण्याच्या जोराला "मोमेंट" म्हणतात, पान्याची दांडी लांब धरली की नट लवकर सुटतो ते ज्यामुळं, तोही याच घरातला. वेळेचा अर्थ नंतरचा.

मध्ययुगात युरोपातल्या मठांतून तासाचे ४० मोमेंट करत. इंग्लंडमधल्या बीड नावाच्या साधूनं ७२५ साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला, त्यात हा हिशेब आहे. साठ मिनिटांना चाळीसनं भागा, दीड मिनिट येतं. झाले ९० सेकंद. पण "बरोबर" परत अडतं, कारण त्या काळातला रोजच्या वापरातला तास घड्याळाचा नव्हता. सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा भाग केले की एक तास. दिवस लांबला की तासही लांबला. हा हिशेब बेळगावला लावून बघितला. आपल्याकडं जूनमधला मोठा दिवस तेरा तासांचा, डिसेंबरमधला लहान सव्वाअकरा तासांचा. म्हणजे मोमेंट ८४ सेकंदांपासून ९७ पर्यंत. लंडनला तर हिवाळ्यात तो मिनिटाच्या आत येतो आणि उन्हाळ्यात दोन मिनिटांच्या वर जातो. फोनवर बाई "वन मोमेंट प्लीज" म्हणते तेव्हा कुठल्या महिन्यातला, ते विचारून घ्यावं.

"आपल्या भाषेत मोजमापच नाही"

याचा राग आला, खरं सांगतो. आमच्या आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण घटका-पळं तोंडपाठ होती. दिवसरात्र मिळून ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं. पंचांगात आजही घटी-पळं छापतात. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती बुडाली की घटका भरली; लग्नाचा मुहूर्त त्यावर धरत. (आता मुहूर्त १२ वाजून २१ मिनिटांचा असतो आणि मंगलाष्टकं पावणेएकला संपतात, पण तो वाटीचा दोष नव्हे.)

उलट आपली अडचण मापं फार असण्याची आहे. अमरकोशात ३० कलांचा एक क्षण आणि १२ क्षणांचा एक मुहूर्त. मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणून क्षण चार मिनिटांचा! तिकडं बौद्धांच्या अभिधर्मकोशातला क्षण सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाएवढा. १८ हजार पटीचा फरक. निमिषाचंही तसंच. मनुस्मृतीच्या हिशेबानं ते ०.१८ सेकंदाच्या आसपास येतं, डोळ्याचं पातं खरंच तेवढ्यात लवतं. अमरकोशाच्या हिशेबानं ते त्याच्या बाराव्या भागाएवढं, तेवढ्यात पातं लवणारा माणूस मला भेटलेला नाही.

आणि हेच निमिष कन्नडमध्ये मिनिट झालंय. आमची कोकणातली मावशी एकदा खडेबाजारात साडी बघायला आली. दुकानदार "ओंद निमिष री" म्हणून आत गेला. मावशीला बरं वाटलं, किती शुद्ध बोलतो हा माणूस, पातं लवेपर्यंत येणार. तो आला चहा पिऊन. त्याच्या भाषेत तो फार तर दहा पट चुकला, मावशीच्या भाषेत हजारो पट. इंग्रजी "मिनिट" तरी काय, लॅटिनमध्ये नुसतं "बारीक", पहिला बारीक तुकडा. आणि सेकंद म्हणजे "दुसरा", तुकड्याचा तुकडा.

आता "आलोच". मेसेजवाल्याला यात आळस दिसला. मला व्याकरण दिसतं. इंग्रजाला लवकर येतो म्हणायला जिफी, मोमेंट, मिनिट असं काहीतरी नाम हाताशी लागतं. आपण नाम घेतच नाही, क्रियापदाचा काळ बदलतो: "येतो"चं "आलो" करतो, येणं घडून गेलंय असं सांगतो, वर "च"चा शिक्का मारतो. कन्नडमध्येही अगदी हेच. हाक मारली की "बर्तेनि" म्हणजे येतो असं न म्हणता "बन्दे" म्हणतात, म्हणजे आलो.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कट्टा आहे. रात्री साडेआठला दोन घरांतून जेवायला हाका येतात, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. एक म्हातारा "आलोच की" म्हणतो, दुसरा "बन्दे, बन्दे". दोघं साडेनऊलाही तिथंच असतात.