आजीचा केतुबा कुठून पैदा करू?

डोकं फिरलंय माझं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. भाचीचं लग्न ठरलंय इस्रायलमध्ये. पोरगी तिथेच जन्मली, तिथेच शिकली, सक्तीची लष्करी सेवाही करून बसली. तेव्हा कुणी विचारलं नाही, बाई तू ज्यू आहेस का? बंदूक हातात देताना खात्री होती. आता हुप्पा, म्हणजे लग्नाचा मांडव, उभारायची वेळ आली तर तिथले रब्बी (ज्यू धर्मगुरू) म्हणतात, आईकडून ज्यू असल्याचा पुरावा द्या. ताईचा ठाण्याच्या सिनेगॉगमधला केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, पाठवला, तर आईचा मागितला. आईचा शोधून पाठवला, तर आता आजीचा. उद्या आमच्या पूर्वजांच्या, कोकणात नवगावला फुटलेल्या गलबताची प्रवासी यादी मागतील!

धर्म आईकडून येतो, मान्य. पण कागद? कागदावर बाई आधी बापाची, मग नवऱ्याची. आजी माहेरची रोहेकर, सासरची पेणकर. केतुब्यात तिचं हिब्रू नाव, रेशनकार्डावर घरात हाक मारायचे ते मराठी नाव. या सगळ्या एकच, हे कोकणातल्या कुठल्या दप्तरात लिहून ठेवलंय? १७९६ साली मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग बांधणारा शमुवेल यहेज्केल दिवेकरसुद्धा लोकांत समाजी हसाजी म्हणूनच ओळखला जायचा. त्याला तरी हे लोक पास करतील का, शंकाच आहे.

आणि हे आजचं नाही. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे रब्बींच्या सर्वोच्च संस्थेने, हुकूम काढला होता, की बेने इस्राएलांची लग्नं लावताना आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे जाऊन चौकशी करा. आमची माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसली. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. मग हुकुमातून आमचं नाव गेलं आणि 'ज्यांच्याबद्दल शंका आहे असे' आले. वा! आणि शंका कुणाबद्दल येते, ते काय सांगायला हवं?

त्यात गंमत म्हणजे देशात यायला वेगळं माप. १९७० च्या दुरुस्तीनंतर एक आजोबा ज्यू असले तरी परतीच्या कायद्याने नागरिकत्व मिळतं. लग्नाला ते चालत नाही. आणि नोंदणी पद्धतीचं लग्न तर त्या देशात होतच नाही. म्हणून जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. भाचीनेही तेच करावं असं शेजारचे शहाणे सुचवतात. का करावं? सायप्रसमध्ये आमचं कोण आहे?

दुसरे शहाणे म्हणतात, डीएनए करा. करा की! बेने इस्राएलांच्या जनुकांचा अभ्यास सांगतो, बाहेरून आलेला ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून आलाय. म्हणजे नेमकी आईची बाजूच लंगडी. थुंकीची नळी भरून आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

शनिवार आमचा विश्रांतीचा वार, तेव्हा कोकणात आमचा तेलाचा घाणा बंद, म्हणून आम्हाला 'शनवार तेली' म्हणायचे. शेजारपाजारच्या हिंदू-मुसलमानांना आमच्याबद्दल कधी शंका आली नाही. ती यायला ज्यूंचाच देश लागला.

काल नवा ईमेल. आजीच्या थडग्याचा फोटो पाठवा, मजकूर स्पष्ट दिसला पाहिजे. पाठवलाय. सगळा मराठीत आहे. बसा लावत!