‘समुद्रातलं समुद्रातल्याला चालतंच’ म्हणे! त्या फॉरवर्डचं जरा बघूया

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला सहा जणांनी पाठवला, त्यातला एक तर माझ्या आतेभावाने, ज्याच्याकडे साधी गप्पीची बाटली पण नाही. मेसेज असा: सॉल्टवॉटर टँकवाल्यांनो (म्हणजे घरी समुद्री मासे आणि कोरल, प्रवाळ, पाळणाऱ्यांनो), बाहेरचं महागडं फूड घेऊन लुटून घेऊ नका, आपण कोकणात राहतो, जेट्टीवर जा, कोळंबी, तिसऱ्या, बांगडा, माकूल (स्क्विड) जे मिळेल ते ताजं आणा, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक, थोडी चिकनची कलेजी आणि भरपूर लसूण घालून मिक्सरमधून गंधासारखं बारीक काढा आणि रोज दोन चमचे टाका. समुद्रातलं समुद्रातल्याला चालतंच. फ्रीज करू नका, सत्त्व जातं. लसणीने पांढरे ठिपके जातात. कोरल आठवड्यात दुप्पट फुगतात. खाली हात जोडलेले चार इमोजी.

आधीच सांगतो, मी घरच्या फूडच्या विरोधात अजिबात नाही. मालवणात राहतो, माझ्या चार फुटी टँकला वर्षाचं बहुतेक खाणं मी घरीच बनवतो आणि डबाबंद फूडच्या किमतीबद्दल त्या मेसेजवाल्याला जे वाटतं तेच मलाही वाटतं. पण हा मेसेज वाचून कुणी उद्या सकाळी बाजारात गेला तर परवा संध्याकाळी त्याचा टँक ताकासारखा दिसणार, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं ते "समुद्रातलं समुद्रातल्याला चालतं". ऐकायला एकदम पटतं. पण मग वाघ पण जंगलातला आणि हरीण पण जंगलातलं, म्हणून हरणाला मटण घालणार का? टँग (म्हणजे सर्जनफिश) आणि रॅबिटफिश, हे दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे लोक, यांना रोज कोळंबीचा गोळा दिला तर खातात, आवडीने खातात, पोरं पण वेफर आवडीने खातात. त्यांना शेवाळ लागतं. सुशीवाली नोरीची शीट, बिनमिठाची बिनमसाल्याची, क्लिपला लावून ठेवली की काम होतं. खडकावरचं हिरवं पातळ पानासारखं अल्वा पण चालतं, फक्त गटाराचं पाणी जिथे उतरतं तिथलं आणू नका, हे सांगावं लागतंय कारण मी एकाला बंदराच्या नाल्याजवळ गोळा करताना बघितलंय. दुसऱ्या टोकाला मँडरीन नावाचा छोटा रंगीत मासा, त्याला तुमचा गोळा दिसतच नाही, तो दिवसभर दगडाला चिकटलेले कोपेपॉड (डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव) टिपत फिरतो आणि नवीन टँकमध्ये ते नसले की तुमच्या डोळ्यासमोर वाळत जातो.

याच मुद्द्यात अजून एक गोष्ट आहे जी मेसेजवाल्याला बहुतेक माहीतच नसावी, थायमिनेज. काही शिंपल्यांत, काही कोळंबीत आणि तारलीच्या गोतातल्या बऱ्याच माशांत हे एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. फ्रीज केल्याने ते मरत नाही, शिजवल्याने मरतं. एखाद दिवशी दिलं तर काही होत नाही, पण आमच्याकडे पेडवे (तारलीच ती) स्वस्त मिळाले की महिनाभर पेडवेच, असं केलं तर लायनफिशसारखा मासा हळूहळू खाणं सोडतो, वेडावाकडा पोहायला लागतो आणि लोक म्हणतात पाण्यात काहीतरी झालं. म्हणून एकच एक वस्तू नको, आणि तिसऱ्या घालणार असाल तर मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढा. रबर होईपर्यंत नाही, मिनिटभर.

आणि बांगडा! बांगड्यावर मी स्वतः हात पोळून घेतलाय. ताजा फडफडीत बांगडा, म्हटलं एवढं ओमेगा-३ फुकट जातंय, मारला मिक्सरमध्ये. टाकल्यावर पाण्यावर तेलाचा तवंग आणि स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण कपात काढणारं यंत्र) फेस असा बसला की जणू कुणी साबण टाकला, दोन दिवस कप कोरडा. तेलाने फेस मोडतो हे मला नंतर कळलं. आई म्हणाली मिक्सरच्या भांड्याचा वास जाईपर्यंत चटणी मिळणार नाही, आणि तिने शब्द पाळला. तेव्हापासून तेलकट मासा अगदी थोडा, आणि मुख्य माल माकूल, कोळंबी आणि मुडदुशासारखा पांढऱ्या मांसाचा मासा.

आता फ्रीज करायचं की नाही. यात मेसेजवाला अर्धा बरोबर आहे, तेवढं मान्य करायला हवं. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि वितळताना रस बाहेर येतो, त्यात थोडी जीवनसत्त्वं जातात. पण थेट जेट्टीवरचं कच्चं टँकमध्ये टाकणं म्हणजे त्याच पाण्यातले परजीवी तुम्ही पिशवीत भरून घरी आणताय. नीट थंड डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवलं तर त्यातले बरेचसे मरतात. बॅक्टेरिया सगळे मरत नाहीत, म्हणून मासा मुळात ताजाच हवा, वास आलेला स्वस्तात मिळाला म्हणून टँकला, असं नाही. जीवनसत्त्वं घालायची तर वितळल्यावर वरून घाला, भिजू द्या दहा मिनिटं. आणि आपल्याकडे अजून एक भानगड, पावसात लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही, त्यामुळे सहा महिन्यांचा साठा करू नका, दीड-दोन महिन्यांचा करा, पातळ चपट्या पिशव्या, चॉकलेटसारखा तुकडा मोडता आला पाहिजे.

पॅकबंद सोललेली फ्रोझन कोळंबी घेणाऱ्यांसाठी एक वाक्य, तिला पाणी धरून ठेवावं म्हणून बऱ्याचदा फॉस्फेटच्या द्रावणातून काढलेलं असतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा, फॉस्फेट वाढलं की टँकमध्ये नको ते शेवाळ माजतं. इथे मात्र कोकणात राहण्याचा खरा फायदा आहे, टोपलीतली अख्खी सुंगटं (कोळंबीच) घ्या आणि स्वतः सोला.

लसूण. अरे देवा, लसूण. पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, तो परजीवी माशाच्या कातडीखाली बसून काही दिवस खातो, मग स्वतःच सुटून खाली पडतो, वाळूत-दगडावर कवच करून वाढतो, त्यातून शेकडो पिल्लं निघतात आणि परत मासा शोधतात. आता तुम्ही लसूण घातली, चौथ्या दिवशी ठिपके गेले, तुम्ही मेसेज फॉरवर्ड केला. ठिपके लसणीने नाही गेले, त्यांची जायची वेळच झाली होती, ते आता वाळूत बसून दुप्पट-चौपट तयारी करतायत. दोन-तीन आठवड्यांनी जो हल्ला येतो तेव्हा लसूणवाला गप्प असतो. लसणीच्या वासाने काही मासे खायला लागतात, नवीन आणलेल्या बुजऱ्या माशाला म्हणून मी पण एखादी पाकळी चेचून त्याचं पाणी घालतो, ते ठीक आहे. उपचार म्हणजे आजारी मासे वेगळ्या टँकमध्ये काढून कॉपर (तांब्याचं औषध) किंवा पाण्याची कमी क्षारता, आणि मुख्य टँक साधारण अडीच महिने माशांशिवाय ठेवणं. कॉपर मुख्य टँकमध्ये कधीही नाही, कोरल, गोगलगाय, कोळंबी सगळे जातील.

अंड्याचा बलक आणि कलेजी हे कुठून आलं ते मला माहीत आहे, गोड्या पाण्यातून आलं. गप्पी-फायटरच्या पिल्लांना बलक द्यायची जुनी पद्धत आहे, डिस्कसवाले हार्ट-लिव्हरचं मिश्रण करतात, आणि कुणीतरी तीच रेसिपी उचलून त्यात कोळंबी घातली आणि समुद्री करून टाकली. जमिनीवरच्या प्राण्याची चरबी समुद्री माशाला रोज द्यायची वस्तू नाही, त्याला समुद्रातली लांब साखळीची फॅटी अॅसिडं लागतात. आणि बलक पाण्यात पडला की दुधासारखा पसरतो, त्याला कोरल पकडत नाहीत, त्याला बॅक्टेरिया पकडतात, पाणी पांढरं, ऑक्सिजन खाली, सकाळी मासे वर तोंड काढून. पिल्लांच्या छोट्या टबात दिवसाला दोनदा पाणी बदलता येतं म्हणून तिथे चालतं, तुमच्या दोनशे लिटरच्या टँकला रोज मिठाचं पाणी कोण करून देणार?

आता मुख्य गोष्ट, मिक्सर आणि कोरल. यासाठीच मी एवढं टाईप करतोय.

मेसेज म्हणतो गंधासारखं बारीक करा. गंध झालं की ते कुणाचंच अन्न राहत नाही. क्लाउनफिशला पकडता येत नाही, मोठ्या तोंडाच्या कोरलला धरता येत नाही, ते खडकामागे जाऊन कुजतं. जरा हिशोब बघा. कोळंबीच्या १०० ग्रॅम मांसात साधारण २०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. म्हणजे १० ग्रॅम कोळंबीत २० मिलिग्रॅम, आणि फॉस्फेटमध्ये मोजलं तर साधारण ६० मिलिग्रॅम. २०० लिटरच्या टँकमध्ये ही दहा ग्रॅम कुणी न खाता कुजली तर फॉस्फेट ०.३ पीपीएमने (म्हणजे लिटरला ०.३ मिलिग्रॅमने) वर, आणि कोरलवाले ते ०.१ च्या खाली ठेवायला धडपडतात. दहा ग्रॅम म्हणजे दोन लहान सुंगटं हो! मेसेजमध्ये रोज दोन चमचे लिहिलेत. गाळणीत धुवून घेतलं तर फॉस्फेट जातं असं काही जण सांगतात, तेही पूर्ण खरं नाही. धुतल्याने रस आणि भुगा जातो, ते कराच, पण बहुतेक फॉस्फरस मांसातच असतो, तो धुऊन जात नाही. तो माशाच्या पोटात जाईल एवढंच बघणं आपल्या हातात आहे.

म्हणून मी मिक्सर सोडला. माकूल आणि कोळंबी अर्धवट गोठवायची आणि किसणीवर किसायची, खोबरं किसतो तशी. एकसारखे तुकडे पडतात, भुगा कमी. मोठ्या माशांसाठी सुरीने बारीक चिरायचं. बांधायला जिलेटिन नको, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चिलर नसेल तर टँकचं पाणी तिशीला टेकतं आणि जिलेटिन साधारण तिथेच मऊ पडायला लागतं, चायना ग्रास घ्या, ते एकदा बसलं की उकळीच्या जवळ गेल्याशिवाय वितळत नाही. फक्त उकळलेलं चायना ग्रास थोडं निवल्यावर मिसळा, नाहीतर मासा शिजेल.

आणि सगळ्यात सोपी वस्तू तर कुणी लिहितच नाही, ताजा जवळा! लोक बाहेरून आलेलं फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) घेतात आणि आपल्याकडे पाटीभर जवळा पडलेला असतो, अख्खा, सालासकट, बहुतेक मासे तुटून पडतात. धुवायचा, निथळायचा, चपट्या पिशवीत भरायचा, झालं. सुका नको, किनाऱ्यावर वाळवलेल्यात वाळू असते. माझी नेहमीची मावशी विचारते, "मगे रे झिला, तुझे मासे आमच्यापेक्षा बरा जेवतत मां?" आणि वर मूठभर जास्त घालते.

कोरल दुप्पट फुगतात याबद्दल. टँकमध्ये पाळतात त्या बहुतेक कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि कोरलच्या ऊर्जेची बरीचशी गरज तिथूनच भागते. म्हणून लाईट खराब आणि खाणं भरपूर असं केलं तर कोरल सुधारत नाही, फक्त पाणी बिघडतं. पण उलट टोक पण चुकीचं, की कोरलला काहीच लागत नाही. नायट्रोजन, फॉस्फरस हे त्याला पकडलेल्या भक्ष्यातूनही मिळतं, रात्री हात बाहेर काढून तो प्लवक धरतो. सन कोरलच्या अंगात ते शैवालच नाही, त्याला खाऊ घातलंच पाहिजे, एकेका तोंडाला, नाहीतर उपाशी मरतो. मोठ्या तोंडाच्या कोरलला जवळ्याचा तुकडा चालतो. अॅक्रोपोरासारख्या बारीक तोंडाच्याला रोटिफर (सूक्ष्म प्लवक), नुकतंच फुटलेलं ब्राइन श्रिंप, एवढ्या मापाचं. रात्री टँकचा लाईट बंद केल्यावर, पंप दहा-पंधरा मिनिटं बंद करून, सिरिंजने तोंडाजवळ सोडायचं, आठवड्यातून दोनदा. आणि पंप परत चालू करायचं विसरायचं नाही, मी मोबाईलला अलार्म लावतो कारण एकदा विसरलो होतो, त्याबद्दल नंतर कधीतरी. फुगलेलं म्हणजे वाढलेलं पण नव्हे, पाणी चिडवतंय म्हणून पण कधी कधी कोरल फुगतो.

मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे, ओहोटीला खडकावरून जिवंत कोरलचा तुकडा आणून आधी त्याच्यावर प्रयोग करा. हे करू नका, भाऊ. कठीण कोरल आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि इथे तर १९८७ पासून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला सागरी अभयारण्यच आहे. प्रयोगच करायचा तर एका वाटीत टँकचं पाणी घ्या, त्यात तुमचा गोळा टाका आणि पाच मिनिटांनी वाटीच्या तळाची नक्षी दिसते का बघा. नाही दिसली तर तो गोळा टँकमध्ये जाऊ देऊ नका.

बाकी जून-जुलैची मासेमारी बंदी लागायच्या आत मला चार पिशव्या जवळा भरायचाय, आणि फ्रीजरमध्ये आईच्या सोड्यांच्या डब्याशेजारी जागा मागायचीय, ते जास्त अवघड आहे.