उघडी गाडी, झाकलेलं डोकं

पुणेकराचा हेल्मेटला विरोध नसतो, सक्तीला असतो. हे बाहेरच्यांना कळत नाही. २०१९ च्या सुरुवातीला पोलिसांनी सक्ती मनावर घेतली तेव्हा शहरात मोर्चा निघाला आणि मानेचे विकार, केसगळती, मागच्याचा हॉर्न ऐकू न येणं अशी सगळी शास्त्रीय कारणं बाहेर आली. मी मोर्चात नव्हतो. दुपारची वेळ होती. पण घरून पाठिंबा होता. हेल्मेट माझ्याकडे आहे. स्कूटरच्या हुकाला लटकलेलं असतं आणि ज्या चौकात मामा उभे असतात त्याच्या अलीकडच्या गल्लीत ते डोक्यावर चढतं. पलीकडच्या गल्लीत उतरतं.

अशा माझ्यावर हेल्मेट घालून बसायची वेळ आली ती चारचाकीत. तीही इंग्लंडात, जिथे मोटारीत हेल्मेट घाला असं सांगणारा कायदाच नाही. मोटारसायकलवाल्यांना तिथे १ जून १९७३ पासून सक्ती आहे, आणि १९७६ साली संसदेने पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट दिली. पुणेरी पगडीबद्दल त्यात अवाक्षर नाही. मी शोधून पाहिलं.

कारण आमचे साडू. डर्बीत राहतात, दिवसभर विमानांच्या इंजिनांचं काम करतात आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये जातात. आम्ही उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या गॅरेजमध्ये एक पिवळीधमक कॅटरहॅम सेव्हन उभी होती, दोन सीटची उघडी गाडी. त्यांनी स्वतः जोडलेली. खोक्यांतून भाग आले, भागांवरून गाडी झाली, आणि गाडी झाल्यापासून मेव्हणीबाई एकदाही तिच्यात बसल्या नाहीत. "मी घरात आहे ना, मग गाडीत कशाला पाहिजे," एवढंच ताईंचं म्हणणं. शेजारची सीट त्यामुळे रिकामी होती. आमच्या सौभाग्यवतींनी ती माझ्यासाठी परस्पर कबूल केली.

गाडीचा इतिहास मला पहिल्या चहाबरोबरच मिळाला. ही मुळात १९५७ सालची लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन नावाच्या गृहस्थांनी काढली. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान वजनाचं: जे काढता येईल ते काढा. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले आणि त्यांनी आजतागायत तिच्यात फारसं काही घातलेलं नाही. वजन पाचशे किलोच्या आसपास. हिच्या शेजारी आपली स्विफ्ट खात्यापित्या घरची दिसते. छप्पर म्हणून एक कापड आहे, ते घरी ठेवायचं असतं. दरवाजे कापडाचे, तेही घरी.

यातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. त्या काळी इंग्लंडात तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. पण भागांसोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागे. तेव्हा लोटसने म्हणे सूचना दिल्या त्या गाडी खोलायच्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या. चॅपमनसाहेबांचं आजोळ नारायण पेठेत असणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

मूळ गाडीला पुढची काच असते. साडूंनी ती काढली. वजन! तिच्या जागी वीतभर उंचीची प्लास्टिकची पट्टी बसवली. ही पट्टी समोरून येणारा वारा छातीवरून उचलते आणि थेट कपाळावर आणून सोडते. वाऱ्यात काय काय असतं ते ताशी साठ मैलांना कळतं: खडी, माश्या, एखादी गांधीलमाशी. म्हणजे पट्टी आली म्हणून हेल्मेट आलं.

"मग काच ठेवली असती तर दोन हेल्मेटं वाचली असती," मी म्हणालो. "त्यांचं वजन नाही का?"

"एक हजार चारशे ऐंशी ग्रॅम. एकेक." ताईंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांनी ती कधीच तोलली होती.

शिवाय डोक्यामागे लोखंडी रोल बार असतो, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारी कमान. गाडी कुठे धडकली की डोकं मागे त्यावर जातं. हे त्यांनी बोटाने टकटक वाजवून दाखवलं, बारावरही आणि मग माझ्या डोक्यावरही. "पण हेल्मेटचं ओझं मानेवर येतं त्याचं काय?" हा आमचा जुना पुणेरी मुद्दा मी टाकून पाहिला. ते खूश झाले. म्हणाले, अगदी बरोबर, म्हणूनच फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून हेल्मेट खांद्यांवर बसवलेल्या कॉलरसारख्या चौकटीला बांधून ठेवतात. पुढचा अर्धा तास मान या विषयावर गेला. माणूस मुद्दा पटवून घेऊन आपल्यालाच हरवतो, हा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. डर्बीहून ए-सिक्स रस्त्याने मॅटलॉक बाथ. तासाभराच्या आतलं अंतर.

आधी कान. मला वाटलं होतं, हेल्मेट घातलं की कान आपोआप झाकले जातात. नाही. वारा हेल्मेटवर घासून जातो त्याचीच घरघर आत येते आणि हेल्मेट ती फारशी अडवत नाही. बाइकवाल्यांचे कान जातात ते सायलेन्सरपेक्षा या वाऱ्याने. साडूंनी फोनवर आवाज मोजला होता आणि आकडा शंभराच्या आसपास आला होता. (फोनच्या माइकवर वारा आदळला की फोन वाटेल तो आकडा दाखवतो, हेही त्यांनीच सांगितलं. प्रामाणिक माणूस आहे.) हिशेब असा की ८५ डेसिबल आवाजात आठ तास बसलेलं चालतं. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, आणि शंभराला पंधरा मिनिटं. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशांच्या शेजारी मी जेवढा उभा राहिलो आहे, त्यावरून पाहता माझा या जन्माचा कोटा गुरुजी तालमीच्या गणपतीपाशीच संपला असावा. पण ते बोलायची सोय नव्हती, कारण त्यांनी तोवर माझ्या तळहातावर दोन नारिंगी फोमचे बोळे ठेवले होते.

बोळा कानात घालणं हे एकट्याचं काम आहे आणि ते कुणाच्या देखत करू नये. प्रथम तो बोटांत निरांजनाची वात वळतात तसा वळायचा. पातळ झाला की लगेच, तो फुगायच्या आत, उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा, कानाची पाळी वर-मागे ओढायची आणि उजव्या हाताने बोळा आत सारायचा. मग बोट तसंच दाबून अर्धं मिनिट उभं राहायचं. मी डोक्यावरून हात घेऊन, स्वतःचाच कान पिळत, साडूंच्या अंगणात उभा होतो. शेजारच्या कुंपणापलीकडून एक बाई गुलाबाला पाणी घालत बघत होत्या. त्यांनी हात हलवला. मला दोन्ही हात मोकळे नव्हते. मी मान लववली आणि बोळा बाहेर पडला.

दोन्ही नीट बसले तेव्हा जग बंद झालं आणि मी सुरू झालो. बाहेरचं काही नाही, पण स्वतःचा श्वास, आवंढा, जबड्याचं कुरकुरणं सगळं ठळक. ताईंनी वाटेसाठी दिलेली शेंगदाण्याची चिक्की तोंडात टाकली तर डोक्यात फरशीचं काम निघाल्याचा भास झाला.

त्यावर पातळ कापडी टोपी. ती माझ्या भल्यासाठी आहे असं सांगण्यात आलं, पण साडूंची नजर माझ्या केसांतल्या खोबरेल तेलावर होती. मग चष्मा काढायचा, हेल्मेट ओढून चढवायचं, त्यात कान दुमडतात ते आतल्या आत बोटाने सरळ करायचे, मग फटीतून चष्म्याच्या काड्या एकेक करून सारायच्या. तेवढ्यात पहिला निःश्वास सुटतो आणि चष्मा पांढरा होतो. नाकाला खाज याच वेळी सुटते. माझी वैयक्तिक खात्री आहे की नाकाला हेल्मेटचा बंद लागल्याचा आवाज ऐकू येतो.

आणि मग आत बसायचं. दार नाही, म्हणजे उंबरठा ओलांडायचा. उंबरठ्याखाली बाहेरच्या अंगाने सायलेन्सर गेलेला, तो गरम असतो, त्याला पोटरी लावायची नाही. सीटवर उभं राहायचं, दोन्ही हातांवर भार घेऊन पाय पुढच्या बोगद्यात सोडायचे. उरलेलं अंग गुरुत्वाकर्षण बघून घेतं. चार पट्टे आवळले की हलतात ते फक्त डोळे. रस्ता इतका जवळ की हात खाली सोडला तर डांबराला लागावा.

डर्बीतून बाहेर पडेपर्यंत वेग जेमतेम तीस मैल. या वेगात हेल्मेटचा उपयोग एकच, आपल्याला कुणी ओळखत नाही. एका सिग्नलला शेजारी दुमजली बस थांबली. मी तिच्या चाकाशी नजरेला नजर देऊन बसलो होतो. वरच्या मजल्यावर एक आख्खं कुटुंब खिडकीला लागलं. त्यातल्या पोराने डोक्याला हात लावून काहीतरी विचारलं आणि आई हसली. पोराचा प्रश्न मला ऐकू आला नाही, पण तो बरोबर होता.

बेल्परनंतर रस्ता मोकळा झाला, डरवेंट नदी बाजूने वाहायला लागली आणि साडूंनी गाडी सोडली. आता इथे खरं सांगायला हवं. मजा आली. वाऱ्याची घरघर बोळ्यांनी गाळली की मागे राहतं ते इंजिन, आणि ते छान वाजत होतं. झाडांची सावली अंगावरून सरसर जात होती. हेल्मेट मात्र वारा वर ओढत होता. प्रत्येक चढाच्या टोकाला ते माझ्याशिवाय पुढे जायला बघायचं. मधेच काचेवर टप्पकन काहीतरी फुटलं. पिवळं. ते कपाळावर फुटलं नाही म्हणून मी मनातल्या मनात हेल्मेटला माफ केलं. सक्तीला नाही.

साडू या काळात बोलत होते. तोंड दिसत नव्हतं, पण डावा हात गिअरवरून उठून कधी डोंगराकडे, कधी नदीकडे, कधी क्रॉमफर्डच्या जुन्या सूतगिरणीकडे जात होता. १७७१ मध्ये आर्कराइटने तिथे पाण्यावर सूत काढायला सुरुवात केली, हे पाटीवर नंतर वाचलं. हेल्मेटमध्ये 'हो' आणि 'नाही' सारखंच दिसतं, म्हणून मी सुरक्षित बाजूने मान हलवत राहिलो.

मॅटलॉक बाथला रविवारी बाइकवाले जमतात. नदीकाठच्या रस्त्याला ओळीने शेकडो मोटारसायकली, लेदरचे सूट, हातात फिश अँड चिप्स. ते एकमेकांना मानेने नमस्कार करतात. आमची हेल्मेटं लांबून बघून दोघा-तिघांनी आम्हालाही केला, मग नजर खाली आली, चार चाकं दिसली आणि त्यांनी तो परत घेतला. सत्तरीचे एक दाढीवाले आजोबा जवळ येऊन गाडीभोवती फिरले आणि मला म्हणाले, "पाऊस आला तर काय करता?" मी साडूंकडे बघितलं. "जोरात चालवतो," साडू म्हणाले. "थांबलं तर भिजतो." आजोबांना हे पूर्ण पटलं.

चिप्स खाताना साडूंनी विचारलं, "मग शनिवारचं नक्की ना?"

"शनिवारचं काय?"

"अहो, क्रॉमफर्डला विचारलं ना मी. डोनिंग्टनच्या ट्रॅकवर येता का? तुम्ही केवढ्या जोरात मान हलवलीत!"

डोनिंग्टन पार्कचा ट्रॅक डर्बीपासून जवळच. तिथे हेल्मेटशिवाय सोडत नाहीत. त्याआधी गाडीच्या सायलेन्सरपाशी यंत्र धरून आवाज मोजतात. जास्त भरला तर गाडी घरी. ही काळजी आसपासच्या वस्तीच्या कानांची. आतल्या माणसांच्या कानांचं ज्याचं त्याने बघायचं.

परत येताना पेट्रोल. पंप चालू होईना. खांबावरच्या स्पीकरमधून बाई म्हणाल्या, कृपया हेल्मेट काढा. साडूंनी हेल्मेट काढलं, नळी उचलली. बाई म्हणाल्या, दुसऱ्या गृहस्थांनीही. मी बसल्या जागी काढायला लागलो. माझा डावा बोळा हेल्मेटबरोबर बाहेर आला, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. साडूंचे दोन्ही बोळे आत होते. बाई म्हणाल्या, सर, तो डिझेलचा आहे. साडू नळी गाडीकडे नेत होते. बाई पुन्हा म्हणाल्या. मी ओरडलो. पट्ट्यांत बांधलेला माणूस किती ओरडणार? शेवटी मागच्या व्हॅनवाल्याने उतरून त्यांचा हात धरला. साडूंना वाटलं तो गाडीची चौकशी करतोय. "एकोणीसशे सत्तावन!" ते अख्ख्या पंपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

घरी आल्यावर हेल्मेट निघालं तरी कानात समुद्र होता. साडू फारच खुशीत होते. फक्त एका गोष्टीची रुखरुख लागली होती.

"बोलता येत नाही हो नीट," ते म्हणाले. "दोन्ही हेल्मेटांत इंटरकॉमच बसवतो शनिवारच्या आत. म्हणजे जाता-येता सगळं समजावून सांगता येईल."

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"बसवा की," मी म्हणालो. "वजन वाढेल तेवढं."

ते गप्प झाले. मग सावकाश म्हणाले, "दोन्ही मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम होईल, नाही?"

"बॅटरी धरून," मी म्हणालो.