बिल वाचू नका, फक्त भरा

पाण्याचं बिल हातात पडलं की नजर थेट एकूण रकमेवर न्यावी. 'एवढं?' असं शेजारी ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणावं आणि कागद ड्रॉवरमध्ये सारावा. मधल्या ओळींच्या वाटेला जाऊ नये. तिथे मागील वाचन, चालू वाचन, स्थिर आकार, मलनिःसारण आकार अशी मंडळी बसलेली असतात. त्यांची ओळख झाली की चिडायचं कशावर, हे नेमकं कळतं आणि सरसकट चिडण्यातली मजा जाते.

चुकून स्थिर आकार दिसलाच तर तावातावाने विचारा, 'महिनाभर घराला कुलूप होतं, पैसे कसले?' पंप, जलवाहिन्या, शुद्धीकरण केंद्र आणि त्यांच्या कर्जाचे हप्ते तुमच्या कुलपासाठी थांबत नाहीत, असं कुणी सांगू लागलं तर विषय बदला. हा आकार बऱ्याच ठिकाणी मीटरच्या व्यासावर ठरतो, तेव्हा नवी जोडणी घेताना मन मोठं ठेवा आणि व्यासही. व्यास दुप्पट केला की नळीचं तोंड चौपट होतं. आंघोळ तेवढीच राहते, पण बिलाला भारदस्तपणा येतो.

पुढे मलनिःसारण. सांडपाण्याला सहसा मीटर नसतो. घरात जेवढं पाणी आलं त्याच्या ठरावीक हिश्शात ते बाहेर गेलं, असं धरून चालतात. बागेला घातलेलं पाणी गटारात जात नाही, हे झाडांना माहीत असतं, बिलाला नसतं. बागेसाठी वेगळा मीटर किंवा सवलत मिळते का, ही चौकशी मात्र करू नका. उगाच मिळायची.

आता खरी मेजवानी, सरासरी बिल. मीटर अंगणात असेल तर त्यावर कुंड्या रचा, झाकणावर जुनी सायकल टेका. वाचन घ्यायला आलेला माणूस परत जाईल आणि बिल अंदाजाने येईल. समजा तुमचा खरा वापर दर बिलाला १५ युनिट, म्हणजे १५,००० लिटर, आणि अंदाज ९ चा. तीन बिलं कमी आली म्हणून खुशीत राहा. चौथ्या वेळी कुणीतरी सायकल बाजूला करतं. राहिलेले १८ आणि चालू १५ मिळून ३३ युनिट एकदम अंगावर येतात. २० च्या पुढे महाग टप्पा असेल, तर निदान १३ युनिट महाग दराने. ज्या माणसाने एकदाही २० ओलांडले नाहीत, त्याला हा मान मिळतो! 'हा वापर चार बिलांत विभागून हिशेब करा' असा अर्ज करता येतो. पण अर्ज करायचा तर आधी मागील वाचन आणि चालू वाचन वाचावं लागेल, आणि ते न करण्याचं आपलं ठरलंय.

टप्प्यांबद्दलही एक गैरसमज जपून ठेवा: २१ वं युनिट वापरलं की सगळीकडेच मागची वीसही महाग होतात. काही दरपत्रकांत तसं असतं, काहींत फक्त वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. आपलं कोणतं, हे दरपत्रकात लिहिलेलं असतं. म्हणजे गुपित सुरक्षित आहे.

गळतीकडे प्रेमाने बघा. सेकंदाला एक थेंब टाकणारा नळ दिवसाला कित्येक लिटर घालवतो, पण निदान टपटप करून तसं सांगतो तरी. फ्लशची टाकी त्याहून सभ्य. झडप खराब झाली की आवाज न करता दिवसाला शेकडो लिटर सोडू शकते. टाकीत खाण्याचा रंग टाकून, फ्लश न करता थोडा वेळ थांबलं आणि भांड्यात रंग उतरला, तर चोर सापडतो. रात्री घरातले सगळे नळ बंद करून झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटर बघितला तरी सापडतो. दोन्ही प्रयोग फुकट आहेत, म्हणून कुणी करत नाही.

एवढं होऊनही तुम्ही पाणी वाचवलंत आणि शहरातल्या सगळ्यांनी वाचवलं, तर वसुली घटते. खर्च बहुतेक तेवढाच राहतो, म्हणून दर वाढवावे लागतात. तुमच्या मीटरपर्यंत पोचण्याआधीच रस्त्याखाली गळून गेलेलं पाणीही बिल भरणाऱ्यांच्याच दरात मुरतं. त्याबद्दल आवाज उठवायचा तर दरवाढीच्या सुनावणीला जावं लागतं. सुनावणी अर्थातच कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत असते.

अगदीच असह्य झालं तर मीटर पळतोय अशी तक्रार ठोका. आधी बिल भरा, नाहीतर विलंब आकार, आणि वेळ आलीच तर फेरजोडणी शुल्क आहेच. मग तपासणीचे पैसे भरा. मीटर जास्त मोजतो असं निघालं तर ते बऱ्याचदा परत मिळतात. पण जुने यांत्रिक मीटर झिजले की बहुधा कमीच मोजतात. तुमचाही तसाच निघेल, तो बदलून नवा बसवतील, आणि पुढच्या बिलापासून प्रत्येक लिटर चोख मोजला जाईल.