सगळे मेंबर पास, पण माती कुठाय?

परत तेच! काल दारव्ह्याकडच्या एका सोयाबीन गोदामाचं डिझाइन तपासायला आलं. 80 पानांचा प्रिंटआउट, रंगीत चित्रं. त्यात सहा मीटरचा, दोन टोकांवर नुसता टेकलेला बीम, मीटरला 20 किलोन्यूटन भार. भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ, म्हणजे मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) 90 किलोन्यूटन-मीटर यायला हवा. कागदावर 9! भार टाकताना एक शून्य राहून गेलं. डिझाइन करणारा पोट्टा म्हणतो, "काहून टेन्शन घेता सर, सगळे मेंबर पास हायेत ना!"

अरे, बीम-खांब सगळे पास होणारच! तू जे भरलं तेच सॉफ्टवेअर मोजणार.

स्टॅड, ईटॅब्स ही डिझाइनची सॉफ्टवेअरं नकोत असं मी म्हणतच नाही. मोमेंट डिस्ट्रिब्यूशनचे, म्हणजे हातानं मोमेंट काढायचे, तक्ते भरण्यात आमचे दिवसच्या दिवस गेलेत. आज दुपारभरात चार पर्याय तपासून होतात. पण वाचलेला वेळ विचारात घाला ना! पायाला सरसकट फिक्स्ड सपोर्ट (पाया हलणार-फिरणारच नाही असं धरून) ठोकायचा अन् मोकळं व्हायचं. खाली आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून वर. साइटवर एक खड्डा खणून पाहायलाही कुणी गेलं नव्हतं.

1991 मध्ये नॉर्वेत स्लाइप्नर ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा तळ समुद्रात बुडाला. संगणकी विश्लेषणात शिअर (काँक्रीटला कापू पाहणारा जोर) 47 टक्के कमी आला होता. तिथं एवढ्या मोठ्यांचं चुकलं. इथं या बीमखाली हमाल पोती रचणार आहेत. उद्या सगळं परत पाठवतोय, हातानं मांडलेलं गणित जोडून आण म्हणून.