नाणेघाटातला रांजण

गेल्या पावसाळ्यात भाच्याने नाणेघाटाचे दहा फोटो पाठवले. सगळे उलट्या धबधब्याचे. वाऱ्याने पाणी कड्यावरून परत वर उडतंय, खाली धुकं, कडेला रंगीबेरंगी रेनकोट. फोटो सुंदरच होते. पण त्याच घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं पिढ्यानपिढ्या सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यातलं काहीच एकाही फोटोत नव्हतं.

इथे इंग्लंडमध्ये मला फे गॉडविन या छायाचित्रकार बाईंच्या कामाने झपाटलंय. जन्म १९३१चा, २००५मध्ये त्या गेल्या. रीतसर शिक्षण नाही, मुलांचे फोटो काढता काढता हात बसला. वेल्समधल्या जुन्या हार्लेक-लंडन रस्त्यावरच्या खुणेच्या दगडाचं १९७६चं त्यांचं चित्र मी पुन्हा पुन्हा बघतो. कृष्णधवल. मोकळा माळ, वर आभाळ, आणि एक उभा दगड. त्या काळात वेल्समधून इंग्लंडच्या बाजारांकडे गुरं हाकत नेण्याच्या जुन्या वाटा त्या टिपत होत्या. चित्रात माणूस नाही, तरी या माळावरून माणसं जात-येत होती हे दगडाकडे बघूनच कळतं.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. नोंदीच्या नावातच लँडस्केप, म्हणजे भूप्रदेश, हा शब्द आहे. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर अतिक्रमण, रोपवे, डागडुजी यांवर रोज वाद चालतो. वाद हवाच. पण तो तट आणि बुरुजांपाशीच थांबतो याचं वाईट वाटतं. यादीत शिवनेरी आहे, आणि कोकणातून जुन्नरला माल चढवणारा नाणेघाट नाही. ज्या वाटेसाठी जीवधन, चावंड, हडसर पहाऱ्याला बसवले, ती वाट वगळून हे किल्ले कळणार कसे? पाण्याची टाकी, माचीवरची जोती, गडाखालची वाडी, हे सगळं त्या भूमीचंच अंग आहे. ड्रोनमधून एकटा बालेकिल्ला छान दिसतो, पण तिथे पाणी कुठून येत होतं ते दिसत नाही.

मात्र इथलं, इंग्लंडमधलं, सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. गॉडविनबाई १९८७ ते १९९० रॅम्बलर्स या पायी भटकणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. १९९०च्या त्यांच्या पुस्तकात कुंपणं आणि प्रवेशबंदीच्या पाट्या आहेत, कारण त्यांच्याच देशातली जमीन त्यांना बंद होती. २०००च्या कायद्याने डोंगर आणि माळ पायी फिरायला खुले झाले, तरी इंग्लंडची जेमतेम ८ टक्के जमीन त्यात येते. इथे फिरताना पाटीपाशी थबकलो की मला गुंजवण्यातून चोरदरवाज्याने राजगड चढल्याचं आठवतं. तू कोण, कुठला, असं कुणी विचारलं नव्हतं. गर्दी आणि कचऱ्याला वैतागून ‘गड सरळ बंदच करा’ असं कुणी ग्रुपवर लिहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. कचरा उचलता येतो. एकदा घातलेलं कुंपण काढायला इथे लोकांना किती वर्षं भांडावं लागलं, ते मी बघतोय.

भाच्याला म्हटलं, आता रांजणाचा फोटो काढ.

‘‘मामा, त्यात काय दिसणार?’’

‘‘जानेवारीत जा, सकाळी लवकर. उन्हं तिरपी असताना काठ जवळून घे. आणि मागे कोकणात उतरणारी वाट येऊ दे.’’