उंबर-बेहडा सोडून तोडा

लेखात म्हटलंय की मालकी रानात निवडून तोड केली तर लाकडाचे पैसेही मिळतात आणि हरणांचंही भलं होतं. पटतं, पण अर्धंच. आमचं पाटणकडे डोंगरउताराला तीन एकर रान आहे. व्यापारी येतो तो 'अख्खं रान उक्तं द्या' म्हणूनच. वडिलांनी एकदा दिलं. दोन पावसाळ्यांत तिथं छातीइतकी रानमोडी (एक झुडपी तण) माजली. तिला भेकर (लहानसं रानहरीण) तोंड लावत नाही, गुरंसुद्धा नाहीत.

पुढच्या खेपेला आम्ही परवानगी काढून (1964 च्या वृक्षतोड कायद्यात ठरावीक जातींच्या मालकी झाडांनाही ती लागते, हे लेखात यायला हवं होतं) एका कोपऱ्यातली ऐन-किंजळ ही इमारती लाकडाची झाडंच तेवढी तोडली. बुंधा जमिनीलगत, तिरका छाटला, म्हणजे पाणी साचून कुजत नाही. पावसाळ्यात त्यालाच झुबक्यानं फुटवे आले. एका सकाळी बघतो तर कोवळे शेंडे कंबरेखाली खुडलेले आणि चिखलात भेकराचे इवलेसे खूर. काही फुटवे गेले, जाऊ देत. एका बुंध्यावर दोन-तीनच ठेवायचे असतात.

उंबर आणि बेहड्याला मात्र कुऱ्हाड लावू नका. त्यांची पडलेली फळं भेकर, सांबर दोघंही खातात, आणि बेहड्याच्या लाकडाला तसाही भाव कुठं येतो! ओढ्याकाठची झाडी तर व्यापाऱ्याला दाखवूच नका.